सेकंड हॅण्ड विजेची गाडी : विश्वास किती, चाल कशी?

दशलक्षण पर्वातील एका सकाळी कारंजा येथील मंदिरात स्वाध्याय आटोपला आणि पायऱ्यांवर चपला शोधत असताना कापडाचा व्यापार असलेल्या एका साधर्मिक बंधूंनी मला गाठले. “साहेब, तुम्ही जुनी विजेची गाडी घेतली म्हणतात. पस्तावलात की नाही?” प्रश्न हसत विचारला होता, पण त्यांच्या खिशात संभाजीनगरच्या एका गाडीचा फोटो होता आणि बयाणा द्यायचा की नाही हे त्यांना त्याच दिवशी ठरवायचे होते. पायऱ्यांवर उभ्याने मी जे उत्तर दिले ते अपुरे होते. तेच येथे सविस्तर मांडतो.

आमची गाडी आम्ही फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतली. तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि चौतीस हजार किलोमीटर चाललेली होती. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही; गुणदोषांची ही हकिकत एका गाडीची आहे, त्यावरून एखाद्या कंपनीविषयी मत बनवणे योग्य होणार नाही. बयाणा दिला आणि आठवडाभरातच टाटा मोटर्सने आपल्या नव्या विद्युत गाड्यांच्या किमती उतरवल्या. नेक्सॉन ईव्ही एक लाख वीस हजार रुपयांपर्यंत आणि टियागो ईव्ही सत्तर हजार रुपयांपर्यंत स्वस्त झाली. बॅटरीतील सेल स्वस्त झाल्याचे कारण कंपनीने दिले होते. नवा माल उतरला की जुन्याचा भाव आपोआप बसतो, हे धान्याच्या आडतीवर बसणाऱ्याला सांगायला नको. आयुष्यभर बँकेत तारण मालाचे मूल्यांकन करणाऱ्या माणसाने हा धोका हिशेबात धरायला हवा होता. मी तो धरला नव्हता.

तेव्हा पहिली गोष्ट हीच, की ही गाडी फायद्याने विकता येईल या आशेने घेऊ नये. वापरून संपवायची असेल तरच घ्यावी.

विश्वासार्हतेविषयी आपल्याकडे जी भीती आहे तिचे मूळ जुने आहे. २००१ साली बंगळुरूहून ‘रेवा’ ही छोटी विद्युत मोटार बाजारात आली. तिच्यात इन्व्हर्टरला असते तशी शिसे-आम्लाची बॅटरी होती. ती काही वर्षांत दम सोडी आणि संपूर्ण संच बदलावा लागे. पुढे महिंद्रांनी ती कंपनी घेतली आणि २०१३ मध्ये लिथियम बॅटरीची ‘ई-टू-ओ’ आणली. पण ‘विजेच्या गाडीची बॅटरी तीन-चार वर्षांत जाते’ हे वाक्य लोकांच्या तोंडी राहिले ते राहिलेच. जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही आणि एमजी झेडएस ईव्ही या गाड्या आल्या आणि चित्र पालटले. नेक्सॉनच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तेथपर्यंत हमी मिळाली. त्या पिढीच्या गाड्या आता जुन्या बाजारात दिसू लागल्या आहेत, आणि आपल्या बंधूंच्या खिशातले फोटो बहुधा त्यांचेच असतात.

बॅटरी खरोखर किती टिकते? कॅनडातील जिओटॅब या कंपनीने हजारो विद्युत गाड्यांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की क्षमता सरासरीने वर्षाला १.८ टक्के घटते. या दराने आठ वर्षांत पंधरा टक्क्यांच्या आसपास घट होईल. पण सरासरी ही सरासरीच. आपला वाशिम जिल्हा काही कॅनडात नाही. लिथियम बॅटरीला धावण्यापेक्षा उष्णता अधिक मारते. अमेरिकेत निसान लीफ ही गाडी नवी असताना ॲरिझोनाच्या वाळवंटी भागातील ग्राहकांना एक-दोन उन्हाळ्यांतच क्षमता घटल्याचा अनुभव आला. २०१२ साली त्याचा मोठा बभ्रा झाला आणि कंपनीला बॅटरीच्या क्षमतेची स्वतंत्र हमी द्यावी लागली. त्या गाडीच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची व्यवस्था नव्हती. नेक्सॉन, टियागो यांसारख्या गाड्यांत ती आहे. विदर्भात जुनी गाडी घेणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा, की बॅटरी द्रवाने थंड होते की नुसत्या हवेने?

दुसरा प्रश्न, गाडी किती उन्हाळे उघड्यावर उभी राहिली? पेट्रोल गाडीचे वय आपण किलोमीटरवर मोजतो. येथे तो काटा पुरत नाही. एका चार्जमध्ये दोनशे किलोमीटर जाणारी गाडी एक लाख साठ हजार किलोमीटर चालली तरी तिचे पूर्ण चार्ज आठशेच होतात आणि चांगली बॅटरी त्याहून पुष्कळ अधिक सोसते. म्हणजे धावून झिजण्याआधी ती वयाने आणि उन्हाने झिजते. शंभर टक्के भरून मे महिन्याच्या उन्हात दिवसचे दिवस उभी ठेवलेली दहा हजार किलोमीटरची गाडी ही सावलीत राहिलेल्या पन्नास हजारांच्या गाडीपेक्षा कमकुवत निघू शकते. ‘डॉक्टरांची गाडी आहे, जास्त फिरलेली नाही’ ही दलालांची आवडती शिफारस म्हणूनच येथे निम्म्या मोलाची ठरते.

मग बॅटरी पारखावी कशी? दर्शनी पडद्यावर ‘एवढे किलोमीटर शिल्लक’ असा जो आकडा दिसतो तो अंदाज असतो. मागचा चालक सावकाश चालवत असेल तर तो फुगतो. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या आरोग्याचा लेखी अहवाल मागावा. विक्रेता त्यास तयार नसेल तर तेथेच नमस्कार करून निघावे. शिवाय एक घरगुती परीक्षाही आहे. गाडी दहा टक्क्यांपर्यंत उतरवावी, चार्जरच्या लाइनवर वेगळा मीटर बसवावा आणि शंभर टक्के होईपर्यंत किती युनिट गेले ते मोजावे. समजा वापरायोग्य क्षमता चाळीस युनिटांची आहे. नव्या स्थितीत नव्वद टक्के भरायला बॅटरीत छत्तीस युनिट जातील. वाटेत सुमारे दहा टक्के गळती होते, म्हणून मीटरवर चाळीस दिसतील. तेथे चौतीसच दिसले तर बॅटरीत साडेतीस गेले, म्हणजे पूर्ण क्षमता चौतीसच्या घरात. पंच्याऐंशी टक्के शिल्लक. अगदी सोनाराचा काटा नव्हे, पण भाव करायला बसताना हातात आकडा असतो. आमच्या गाडीची अशी परीक्षा मी दर मे महिन्यात करतो आणि वहीत लिहितो. पहिल्या वेळी नव्याच्या एक्याण्णव टक्के आले होते, गेल्या खेपेस एकोणनव्वद.

बाकी यंत्राचे काय? इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. तेव्हा त्यांची दुरुस्तीही नाही. ब्रेक फारसे झिजत नाहीत, कारण ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच गाडीला रोखते आणि तेवढी वीज बॅटरीत परत भरते. टायर मात्र गाडीच्या वजनामुळे लवकर जातात. आमच्या गाडीने आम्हाला एकदाच खऱ्या अर्थाने अडवले आणि कारण हास्यास्पद होते. मोठ्या बॅटरीखेरीज या गाडीत साध्या गाडीसारखी बारा व्होल्टची लहान बॅटरीही असते. दरवाजे, पडदे, संगणक आणि मोठ्या बॅटरीला जोडणारा स्विच हे सारे तिच्या जिवावर चालते. एका सकाळी ती संपली. मोठी बॅटरी सत्तर टक्के भरलेली, आणि गाडी जागची हलेना! काही हजारांची लहान बॅटरी बदलली आणि प्रश्न सुटला. पण तोवर गाडी अकोल्याच्या सर्व्हिस सेंटरला न्यावी लागली होती आणि तीही सपाट तळाच्या ट्रकवर चढवून. कारण विद्युत गाडीची चालवणारी चाके जमिनीवर ठेवून तिला दोराने ओढत नेऊ नये, त्याने मोटर बिघडू शकते. जुनी गाडी घेताच ही लहान बॅटरी न विचारता नवी टाकावी, असे माझे मत आहे. विम्यात रस्त्यावरील साहाय्याची तरतूद घ्यावी आणि त्यात ‘सपाट ट्रक’ आहे ना, हे वाचून घ्यावे.

आता चालीविषयी. ही गाडी चालवण्याचा आनंद निर्विवाद आहे. पाय ठेवताच ती उठते, गिअर नाही, थरथर नाही, गावातल्या गर्दीत पाच-दहाच्या वेगाने चालवताना डोके तापत नाही. मुनिसंघाच्या विहारात मागे-पुढे गाडी ठेवण्याचा योग आम्हाला दोनदा आला. पायी चालणाऱ्या संघाच्या गतीने पेट्रोल गाडी चालवणे म्हणजे इंजिनाचा आणि मागे चालणाऱ्या श्रावकांच्या नाकाचा छळ असतो. विजेची गाडी त्या कामी जणू घडवलेलीच आहे. धूर नाही, आवाज नाही, आणि उभी असताना इंधन जळत नाही.

पण हा आवाज नसणेच एका बाजूने जोखमीचे आहे. आपल्याकडील कुत्री, वासरे, बकऱ्या इंजिनाच्या आवाजाने बाजूला होतात. या गाडीची त्यांना चाहूलच लागत नाही. एकदा मंगरूळपीर रस्त्यावर सावलीत पसरलेले कुत्रे मी अगदी चार हातांवर असतानाही झोपून राहिले. ईर्यासमिती हे मुनींचे व्रत आहे हे खरे; परंतु या गाडीच्या चालकाने पुढची जमीन पाहत चालण्याची थोडी सवय लावून घ्यावीच. मी गावात शिरताना हॉर्न हलका वाजवतो आणि वेग वीसच्या वर नेत नाही.

महामार्गावरची गोष्ट निराळी आणि तेथेच आमची फजिती झाली. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. कारंजा (लाड), शेलूबाजार आणि मालेगाव येथे त्यावर चढता येते. नागपूर-शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. मे २०२४ मध्ये आम्ही चौघे कारंज्याहून नागपूरला निघालो. अंतर सुमारे पावणेदोनशे. पडदा दोनशे पाच सांगत होता. मी निर्धास्त. मुलाने गाडी एकशे दहावर ठेवली, बाहेर त्रेचाळीस अंशांचे ऊन, आत एसी. वर्धा जिल्ह्यात शिरलो तेव्हा नागपूर साठ किलोमीटरवर होते आणि पडदा अडतीस म्हणत होता. मधल्या एका पेट्रोलपंपावरचा चार्जर नकाशात होता, जागेवरही होता, फक्त बंद होता. शेवटी एसी बंद करून, डावी मार्गिका धरून येळाकेळीला उतरलो आणि घामाने निथळत वर्धा गाठले. तेथील चार्जरवर तासभर बसलो तेव्हा सौभाग्यवतींनी डबा उघडला आणि एकही वाक्य न बोलता वाढला. ते मौन मला अजून आठवते.

दोष गाडीचा नव्हता. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ऐंशीच्या तुलनेत एकशेवीसला तो सव्वादोन पट होतो. पेट्रोल गाडीतही हेच घडते, पण पंप जागोजागी असल्याने ते आपल्या ध्यानी येत नाही. परतताना सूर्यास्तापूर्वी जेवून निघालो, वेग ऐंशीच्या वर जाऊ दिला नाही आणि त्याच बॅटरीवर नऊ टक्के शिल्लक राखून कारंज्यात पोहोचलो. तेव्हापासून माझा ठोकताळा असा : कंपनीने जाहीर केलेल्या आकड्याचे दोन-तृतीयांश धरावेत, त्यातून बॅटरीची घट वजा करावी, आणि महामार्गावर वेगाने जायचे असल्यास आणखी चौथाई सोडून द्यावी. पहिल्या नेक्सॉन ईव्हीचा जाहीर आकडा ३१२ होता. या हिशेबाने दहा टक्के घटलेल्या अशा गाडीचे सावकाश चालीने १८७ आणि वेगाने १४० किलोमीटर होतात. वाशिम-अकोला जाऊन-येऊन सुमारे एकशे साठ होते. म्हणजे सावकाश गेलात तर जमेल, घाई केलीत तर अकोल्यात चार्जर शोधावा लागेल. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाने समृद्धीवर विद्युत मोटारींना टोलमाफी जाहीर केली आहे. ती आनंदाचीच गोष्ट; पण टोल वाचतो म्हणून बॅटरी मोठी होत नाही.

घरच्या चार्जिंगचा खर्च मात्र मनाला सुखावणारा आहे. दहा रुपये युनिट धरले आणि एका युनिटात साडेसहा किलोमीटर धरले तर किलोमीटरला दीड रुपया. पंधराची सरासरी देणारी पेट्रोल गाडी सात रुपये खाते. अडचण येते ती आपल्या जुन्या वाड्यांत. पिढीजात घराला अर्थिंग नावालाच असते. टीव्ही, फ्रिज कुरकुर करीत नाहीत, पण विद्युत गाडीचा चार्जर अर्थिंग तपासतो आणि नसेल तर सरळ नकार देतो. नव्या मालकास वाटते, गाडीच बिघडली. आमच्याकडे अंगणात खड्डा घेऊन नवे अर्थिंग करावे लागले, पंधरा अँपिअरच्या प्लगसाठी मीटरपासून स्वतंत्र जाड वायर ओढावी लागली. गाडी घेण्यापूर्वी हे करून घ्यावे. वीज गेल्यास रात्रीचे चार्जिंग अर्धवट राहते, म्हणून चाळीस टक्क्यांखाली उतरू न देण्याची सवय बरी.

आता कागदपत्रे, ज्यांत माझे आयुष्य गेले. बॅटरीची हमी पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जाते, तुमच्या खरेदीपासून नव्हे. काही कंपन्या अलीकडे ‘आजीवन’ हमी देतात. ती बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते आणि दुसऱ्याच्या नावावर गाडी होताच मर्यादित वर्षांवर येते. ती आपल्या नावे होईल हे कंपनीकडून लेखी घ्यावे. सर्व्हिसच्या नोंदी तुटक असतील किंवा बाहेरच्या मेकॅनिकने बॅटरीचे आवरण उघडले असेल तर हमी नाकारली जाऊ शकते. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असतील तर गाडी खासगी, पिवळी असतील तर व्यावसायिक. टॅक्सीच्या ताफ्यातील गाडी रोज जलद चार्जरवर भरलेली असते आणि तिची हमीही वेगळी असू शकते. पाटी बदलून खासगी केलेली असल्यास आरसीचा पूर्वेतिहास पाहावा. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली-बंगळुरूची ब्लूस्मार्ट ही विद्युत टॅक्सी सेवा बंद पडली. तिला गाड्या भाड्याने देणाऱ्या जेनसोल कंपनीविषयी सेबीने त्याच महिन्यात हंगामी आदेश काढला. त्यात ६,४०० गाड्यांसाठी कर्ज घेऊन ४,७०४ च खरेदी केल्याचे नमूद आहे. वाचताना जुना बँकर म्हणून मला कापरे भरले. अशा ताफ्यांतल्या गाड्या स्वस्तात विकायला निघतात तेव्हा आरसीवर कोणाचा बोजा आहे हे पाहिल्याशिवाय रुपयाही देऊ नये. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्यावरच फॉर्म २९ व ३० वर सह्या व्हाव्यात.

आपल्या व्यापारी कुटुंबांसाठी आणखी एक बाब, जी गाडी घेताना कोणी सांगत नाही. विद्युत वाहनावर आयकर नियमांत ४० टक्के घसारा मिळतो, साध्या मोटारीवर १५. हे आकर्षक वाटते. परंतु १६ जानेवारी २०२५ पासून, जीएसटी नोंदणी असलेल्याने जुनी विद्युत गाडी विकली तर नफ्याच्या रकमेवर १८ टक्के कर आहे; पूर्वी तो १२ होता. आणि घसारा घेतला असेल तर ‘नफा’ म्हणजे विक्रीची किंमत वजा घसारा जाऊन उरलेले पुस्तकी मूल्य. पेढीच्या नावे पंधरा लाखांना घेतलेली गाडी तीन वर्षांचा पूर्ण घसारा जाऊन वहीत तीन लाख चोवीस हजारांवर येते. ती आठ लाखांना विकली तर चार लाख शहात्तर हजारांवर ८५,६८० रुपये कर! तेवढ्याच किमतीची पेट्रोल गाडी पंधरा टक्क्यांनी वहीत नऊ लाख एकवीस हजारांवर असते आणि आठ लाखांना विकली तर हा कर शून्य. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने आपली स्वतःची गाडी दुसऱ्याला विकली तर जीएसटीचा प्रश्नच येत नाही. म्हणून गाडी पेढीच्या नावे घ्यायची की घरातल्या व्यक्तीच्या, हे आपल्या सी.ए.ना विचारून खरेदीपूर्वी ठरवावे. विकताना विचारून उपयोग नसतो.

कापडवाल्या बंधूंना मी त्या दिवशी पायरीवर एवढेच विचारले होते, “रोज किती फिरता?” दुकान, घर, शाळा, आठवड्यातून एकदा वाशिम आणि महिन्यातून एकदा लेकीकडे नागपूर, असे त्यांचे उत्तर होते. नागपूरसाठी घरातली जुनी डिझेल गाडी ठेवणार असाल तर घ्या, असे मी म्हणालो. त्यांनी बयाणा लांबवला, बॅटरीचा अहवाल मागवला आणि विक्रेत्याने तो पाठवायला अकरा दिवस लावले. अहवाल आला तेव्हा त्यात ब्याऐंशी टक्के लिहिले होते. त्यांनी भाव साठ हजारांनी पाडून मागितला. सौदा अजून तुटलेला नाही. दोन्हीकडून रोज सकाळी फोन होतो आणि दरम्यान त्यांनी वाड्याचे अर्थिंग करून घेतले आहे.